चालतंय म्हणणारे

भंगारकाका हे नाव त्यांना ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे बायकोसुद्धा वैतागली की तेच नाव घ्यायची. छापखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते तेव्हा एखादं जुनं यंत्र फेकायचं निघालं की हे त्याच्याभोवती घुटमळायला लागायचे. "फेकताय कशाला? मी नेतो की." असं करत करत घरातली आतली खोली भरली. पोट सुटल्यासारखे कॉम्प्युटरचे जाडजूड पडदे, पिवळे पडलेले कीबोर्ड, कुणाचं झाकण कुणाला बसत नाही असे डबे. खोलीतला एकुलता एक सॉकेट केव्हाच जळून गेला होता, म्हणून हॉलमधल्या बोर्डावरून वायर ओढून आत घेतलेली. त्या वायरीला काकू रोज एकदा तरी अडखळायच्या आणि रोज एकदा तरी बोलायच्या.

नोकरी संपली तरी काम संपलं नव्हतं. भंगारकाकांनी तरुणपणी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तापमान, हवेचा दाब, पाण्याची पातळी मोजणारी जी उपकरणं असतात, त्यांचे आकडे वायरीतून वाचायचे आणि नीट साठवायचे, एवढंच त्याचं काम. हा प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, फुकट. अशा फुकटच्या कामाला जगात माणसं मिळतात, हे काकूंना शेवटपर्यंत पटलं नाही. पण मिळाली. त्यातली आता एकच टिकून होती. दुसऱ्या गावात कॉलेजात शिकवणारी, भंगारकाकांच्या मुलीच्या वयाची. ते तिला मास्तरीण म्हणायचे. प्रत्यक्ष भेट कधीच नाही. जे काय भांडण व्हायचं ते पडद्यावरच.

आणि भांडण कायम एकच. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा दुभाषा असतो, त्याला कंपायलर म्हणतात. नवे दुभाषे हुशार, अर्ध्या वाक्यात समजतात. जुने अडून बसतात. त्यांच्यासाठी प्रत्येक गोष्ट जुन्या पद्धतीने, फोड करून, कधी कधी दोनदा लिहावी लागते. मास्तरणीचा त्यात जीव जायचा.

"काका, निम्मा वेळ मी ह्या म्हाताऱ्या कंपायलरची मनधरणी करण्यात घालवते. हा कंपायलर बनवणाऱ्यांनीच तो सोडून दिलाय. ज्या सिस्टमवर चालतो ती सिस्टमही सोडून दिलीय. आपणच तेवढे उशाशी बसलोय."

"एक माणूस वापरतोय," भंगारकाका म्हणायचे.

हा त्यांचा हुकमी एक्का. प्रोग्रॅमच्या नियमांत त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं: जोवर एकही माणूस जुन्या यंत्रावर हे वापरतोय, तोवर जुनी सोय काढायची नाही. आणि तो एक माणूस खरोखरच होता. आपल्या गच्चीवर तापमान मोजणारा कुणी हौशी गृहस्थ. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली की त्याचा मेल यायचा. मजकूर एका शब्दाचा: चालतंय. नमस्कार नाही, चमत्कार नाही. गेली कित्येक वर्षं दर आवृत्तीला तोच एक शब्द. भंगारकाकांना त्याचं फार कौतुक. "बघ, ह्याला म्हणतात कामाचा माणूस," ते मास्तरणीला सांगायचे. "आभारांची फुलं नाहीत की तक्रारींचं रडगाणं नाही." तो मेल आला की त्यांचा तो दिवस बरा जायचा, हे काकूंनाही चेहऱ्यावरून कळायचं.

त्या एका शब्दावर त्यांचा एवढा जीव का, ह्याला घरातलं कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ, दादा, आयुष्यभर तोच शब्द बोलत आले होते. वडील गेले तेव्हा दादांनी शाळा सोडली आणि कारखान्यात लेथवर उभे राहिले, ते धाकट्याचं शिक्षण पुरं होईपर्यंत. लग्न करायचं राहून गेलं. चपला चावतायत का? चालतंय. चहात साखर राहिली वाटतं? चालतंय. साहेबाने बढती दुसऱ्याला दिली म्हणे? चालतंय रे. एकदा बोटाचं पेर मशीनमध्ये गेलं, हाताला फडकं गुंडाळून घरी आले आणि दारातच तेच म्हणाले. घरात त्याची थट्टा व्हायची. थट्टा करणाऱ्यांत भंगारकाका सगळ्यात पुढे असायचे.

तर हे दादा अर्धांगाच्या झटक्याने आडवे झाले आणि धाकट्याच्या घरी आले. डावी बाजू गेलेली, साखरेचा आजार जुना, बोलणं राहिलं होतं पण जीभ जड झालेली. आतली खोली भंगाराने भरलेली, म्हणून त्यांची खाट हॉलमध्ये दाराजवळ पडली. येणारा जाणारा त्यांच्या तोंडावरून जायचा. दूधवाला, मीटर बघणारा, शेजारची मुलं, सगळ्यांसमोर म्हाताऱ्या माणसाचं अंग पुसायचं, भांडं द्यायचं. काकू चादर धरून आडोसा करायच्या. भिंतीकडे तोंड करून दादा गप्प पडून राहायचे.

"अहो, ती खोली रिकामी करा," काकू म्हणाल्या. "भाऊजींना निदान दार लावता येईल असं काहीतरी द्या."

"ही आवृत्ती एकदा बाहेर पडू दे. मग सगळं हलवतो."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"मग ह्या वेळी खरं करतो ना!"

हॉस्पिटलातून एक हवेची गादी सांगितली होती, ती तेवढी आणली. छोटा पंप एका कप्प्यातली हवा काढून दुसऱ्यात भरत राहतो, म्हणजे अंगाचा एकच भाग सतत दाबला जात नाही. शिवाय दर थोड्या वेळाने कूस बदलायची, पाठ तपासायची. हे सगळं काकू करायच्या. कंबर धरून, ओठ घट्ट मिटून.

आवृत्ती बाहेर पडली. आणि पहिल्यांदाच मेल आला: चालत नाही.

भंगारकाका खुर्चीत ताठ झाले. इतक्या वर्षांत हे घडलं नव्हतं. त्यांनी लगेच उलट विचारलं की कंपायलर नेमकं काय म्हणतो, कोणत्या ओळीवर अडतो. उत्तर नाही. त्यांनी अंदाजाने दुरुस्ती केली, सुधारित आवृत्ती टाकली. मेल: चालत नाही. पुन्हा प्रश्न, पुन्हा शांतता, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तेच दोन शब्द.

"काका, हा माणूस काही सांगतच नाही. मग आपण तरी किती अंधारात चाचपडायचं?" मास्तरीण म्हणाली.

"कमी बोलणारा आहे गं. आमच्या दादासारखा. अशा माणसाने चालत नाही म्हटलं म्हणजे किती अडलं असेल, विचार कर."

त्यांच्याकडे नेमका तसला जुना कंपायलर असलेलं एक यंत्र होतं, पण त्याची डिस्क आचके देत होती. ती वाचवून दुसऱ्या यंत्रावर उतरवायची, मग चूक इथे घरीच पकडता येईल, असं त्यांनी ठरवलं. खोलीत आता पाय ठेवायला जागा राहिली नाही. उघडी यंत्रं, स्क्रू भरलेल्या वाट्या, जमिनीवर पसरलेल्या वायरी.

नेमकं तेव्हाच काकूंच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. जाताना काकूंनी दारात उभं राहून सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. औषध कोणतं, कूस कधी बदलायची, पाठीवर लाल दिसलं तर काय करायचं, पंप बंद होऊ द्यायचा नाही. "आणि भाऊजींना विचारत बसू नका. ते काय म्हणणार तुम्हाला माहीत आहे."

"मी काय लहान आहे का? जा तू निश्चिंत."

पहिला दिवस भंगारकाकांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळला. हे खोटं नाही. चहा भरवला, अंग पुसलं, दाढीसुद्धा करून दिली. दुसऱ्या दिवशी डिस्क उतरवायला बसले. त्यासाठी दोन्ही यंत्रं एकदम चालू हवी होती आणि बोर्डावर सॉकेट दोनच. एकात आतलं यंत्र, दुसऱ्यात दादांच्या गादीचा पंप. कोपऱ्यावरच्या दुकानात मल्टिप्लग मिळाला असता, पण दादांना एकटं टाकून जायचं कसं? काकूंनी बजावलं होतं.

"दादा, पंप जरा थोडा वेळ काढतो हं. दोन यंत्रं लावायचीत. चालेल ना?"

"चालतंय," दादा म्हणाले.

आणि भंगारकाकांनी पंपाची पिन काढून तिथे दुसरी लावली.

जुनी डिस्क गोगलगायीच्या चालीने उतरत होती, मध्येच अडत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत होती. दोन दिवसांनी ती उतरली तेव्हा तो कंपायलर चालवून बघायची घाई. बंद केलं तर ते म्हातारं यंत्र पुन्हा सुरू होईल ह्याची खात्री नाही, म्हणून ते चालूच ठेवलं. पंप त्यांच्या डोक्यातून गेला. दादांच्या खाटेपाशी ते जात नव्हते असं नाही. जेवण भरवायला जायचे, औषध द्यायला जायचे, भांडं द्यायला जायचे. जाता येता विचारायचे. "दादा, बरं आहे ना?" चालतंय. "कूस बदलू का, की पडतोस असाच?" चालतंय. ह्या उत्तराचा अर्थ हो असाही होतो आणि नको असाही होतो. भंगारकाकांनी प्रत्येक वेळी सोयीचा तो घेतला.

चूक सापडली ती अगदी क्षुल्लक. प्रोग्रॅमच्या एका फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर पुढच्या ओळीवर जायची खूण राहून गेली होती. नव्या कंपायलरला त्याचं काही वाटत नाही. हा जुना मात्र, ओळ संपली असं त्याला स्वच्छ सांगितल्याशिवाय ती ओळ मोजतच नाही. शेवटचं वाक्य पुरं झालं नाही, म्हणून ते वाचायचंच नाही! भंगारकाका एकटेच हसले. खूण टाकली, आवृत्ती सोडली आणि मेलची वाट बघत बसले. आला. चालतंय.

ते उठून हॉलमध्ये आले. "दादा, जमलं! चाललं त्याचं!"

दादांचा चेहरा घामाने भिजलेला होता. ते ओठाच्या उजव्या कोपऱ्याने थोडं हसले. "चालतंय?"

"चालतंय!"

काकू दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्या थबकल्या, कारण घराला वास येत होता. त्यांनी गादीला हात लावला. गादी फळकुटावर चपटी पडली होती. त्यांनी दादांना एका हाताने कुशीवर वळवलं आणि मागे बघितलं. मग त्यांनी बोर्डाकडे बघितलं.

"पंप कुणी काढला?"

भंगारकाकांनी आतल्या खोलीत गेलेल्या वायरीकडे बघितलं. काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ओरडल्या असत्या, आदळआपट केली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फोन उचलून गाडी बोलावली.

हॉस्पिटलात सांगितलं की जखम खोल आहे आणि विष रक्तात गेलंय. साखरेच्या माणसाला हे असं झपाट्याने होतं. तरुण डॉक्टरीण होती, तिने चिडून विचारलं, "एवढं होईपर्यंत ह्यांनी काहीच सांगितलं नाही का? जखम उजव्या बाजूला आहे, तिथे संवेदना आहे त्यांना. मरणाचं दुखलं असणार." भंगारकाका तिच्या बुटांकडे बघत उभे राहिले.

बाहेरच्या बाकावर बसले असताना मास्तरणीचा फोन आला. तिला घरातलं काही माहीत नव्हतं.

"काका, मी जुने मेल काढून बसलेय. तुमच्या त्या माणसाचे. प्रत्येक मेल आवृत्ती निघाल्यावर ठरावीक वेळानेच येतो, मागेपुढे नाही. पहाट असो, दुपार असो. काका, तिथे माणूस नाही बसलेला. यंत्र आहे. ते आपणहून नवी आवृत्ती उतरवतं, चालवून बघतं आणि दोन तयार वाक्यांपैकी एक पाठवतं. म्हणून तर तुमच्या प्रश्नांना उत्तर नाही."

"अगं, पण ते यंत्र कुणीतरी लावलंच असेल ना."

"लावलं होतं. त्यांच्या घरचा नंबर मिळाला मला, मी फोन केला. त्यांचा मुलगा बोलला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. गच्चीवरचं ते उपकरणही दुरुस्तीत काढून टाकलं. कॉम्प्युटर तेवढा आतल्या खोलीत चालू राहिलाय. कुणी बंदच केला नाही. तो विचारत होता, बंद करू का म्हणून. मी म्हटलं, काकांना विचारून सांगते. काका? ऐकताय ना?"

"नंबर पाठव," भंगारकाका म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो कुणीच नव्हता. कापलेल्या वायरीला जोडलेलं एक यंत्र नव्या आवृत्त्या घेत होतं, आकडे शोधत होतं, सापडले नाहीत तरी रिकाम्या नोंदी साठवत होतं आणि सगळं ठीक आहे असं कळवत होतं. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग एकदम भीती वाटली. ते उठून आत गेले.

दादांना श्वासाला त्रास होत होता. भंगारकाकांनी स्टूल ओढून घेतलं आणि त्यांच्या उजव्या हाताशी बसले. ह्या वेळी ते बसले. तुटलेल्या पेराचं ते बोट त्यांनी आपल्या मुठीत धरलं.

"दादा, खरं सांग. दुखतंय?"

दादांचे ओठ त्या नेहमीच्या शब्दासाठी हलले. भंगारकाकांनी मान हलवली. "ते नको. खरं सांग."

बराच वेळ दादा बघत राहिले. कुणी इतका वेळ थांबतं ह्याची त्यांना सवय नव्हती.

"फार," ते म्हणाले. "फार दुखतंय रे."

"मग तेव्हाच का नाही बोललास? पंप काढला तेव्हा?"

"तू कामात होतास."

एवढं बोलून दादांनी डोळे मिटले आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुखतंय असं म्हटलं होतं आणि आता त्यावर करण्यासारखं कुणाच्या हातात फारसं राहिलं नव्हतं. दुखणं कमी करायचं औषध तेवढं सुरू केलं. त्यानंतर दादा फार दिवस राहिले नाहीत.

आतली खोली रिकामी झाली ती नंतर. यंत्रं भंगारवाल्याच्या गाडीत चढताना काकू दारात उभ्या होत्या. पूर्वी ह्या दिवसाची त्यांनी किती वाट पाहिली होती. खोली झाडून, पुसून त्यांनी दार लावून घेतलं. हॉलमधून आत जाणारी वायर गेली होती, तरी त्या जागी त्या अजून पाय उचलून टाकायच्या.

प्रोग्रॅममधून जुनी सोय भंगारकाकांनी स्वतः काढली. ओळीमागून ओळ पुसत गेले. बदल केला की त्याचं कारण लिहावं लागतं, तिथे त्यांनी लिहिलं: वापरणारं कोणी नाही. आता हा बदल बाहेर पडला की त्या लांबच्या घरातलं यंत्र तो उतरवणार आणि चालत नाही, चालत नाही असं कळवत राहणार. ते त्यांच्याने बघवलं नसतं. म्हणून आवृत्ती सोडायच्या आधी त्यांनी मास्तरणीने पाठवलेला नंबर फिरवला.

मुलगा भला होता. "हो हो, तुमचं नाव बाबांकडून ऐकलंय. बंद करू ना मग? थांबा हं, आईला सांगतो."

फोन तिकडे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, काही कळलं नाही. मग दार उघडलं, आणि यंत्राच्या पंख्याची घरघर भंगारकाकांना फोनमधून ऐकू आली. ती त्यांच्या ओळखीची होती. खट् झालं. घरघर खाली खाली जात थांबली.

"झालं काका. घर एकदम शांत वाटतंय. आई म्हणते, त्याचा आवाज यायचा तर आत कुणीतरी आहे असं वाटायचं." मग फोन ठेवताना विचारतात तसं त्याने विचारलं, "बाकी तुमच्याकडे कसं? सगळं बरं ना?"

भंगारकाकांच्या जिभेवर तो शब्द तयार होता. त्यांनी बंद खोलीच्या दाराकडे बघितलं. काकू स्वयंपाकघरातून येऊन चौकटीशी उभ्या राहिल्या होत्या.

"नाही," ते म्हणाले. "बरं नाही. माझा भाऊ गेला. मी त्याला रोज विचारत होतो, पण चालता चालता विचारत होतो."